अनेक मितींचा ॲरे : जावातील रचना, परिणाम आणि शिस्त

१. विषय आणि प्रतिपाद्य

प्रोग्रॅमिंग शिकताना एकमितीय ॲरे झाला की द्विमितीय ॲरे येतो. फळ्यावर ओळी-स्तंभांचा तक्ता काढला जातो, त्यात आकडे भरले जातात आणि दोन लूप एकमेकांत घालून तो वाचला जातो. परीक्षेपुरते एवढे पुरते. मात्र प्रत्यक्ष काम सुरू झाले की फळ्यावरच्या चौकोनातून उलगडा न होणाऱ्या गोष्टी घडू लागतात. एका ओळीत लिहिलेला आकडा सगळ्याच ओळींत दिसतो. तक्त्याची नक्कल करून ती बदलली तर मूळ तक्ताही बदलतो. दोन तक्त्यांत आकडे तेच असूनही तुलनेचे उत्तर ‘असमान’ येते. दोन लूपचा क्रम उलटवला की प्रोग्रॅम कित्येक पटींनी रेंगाळतो.

या सगळ्याचे मूळ एका गोष्टीत आहे आणि ती दाखवून देणे हा या विवेचनाचा हेतू आहे. जावामध्ये ‘द्विमितीय ॲरे’ नावाची एकसंध वस्तू नाही. तिथे असतो ॲरेंचा ॲरे, म्हणजे ऑब्जेक्ट्सकडे बोट दाखवणाऱ्या संदर्भांची रांग. हे एवढे नीट समजले की वरचे सारे परिणाम पाठ करावे लागत नाहीत, ते तर्काने काढता येतात. त्यातूनच एक शिस्तही निघते : आकड्यांची मांडणी ही क्लासची खासगी बाब असावी आणि बाकीच्या प्रोग्रॅमने तिच्याशी अर्थाच्या भाषेत बोलावे.

उदाहरण म्हणून सर्वत्र पर्जन्यमापनाची नोंद घेतली आहे. पाऊस मिलिमीटरच्या दशांशात, पूर्णांक म्हणून साठवला आहे, म्हणजे ८२.० मिमीसाठी ८२०. कोडच्या ओळी वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात जावाचे राखीव शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात. चलांची नावे मात्र ‘पाऊस’, ‘ओळ’ अशी देवनागरीत ठेवली तरी जावा ती स्वीकारते.

२. सरळ मेमरी आणि अनेक मिती

संगणकाच्या मेमरीला एकच मिती असते : पत्ता क्रमांक शून्यापासून शेवटापर्यंत सरळ रांग. त्यामुळे तक्ता साठवायचा तर तो आधी उलगडून या रांगेत बसवावा लागतो. त्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिली पद्धत ओळप्रधान. पहिली ओळ पूर्ण, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. स्तंभांची संख्या ‘स’ असेल तर ओळ ‘अ’ आणि स्तंभ ‘ब’ यांच्या घराचे स्थान असते अ × स + ब. डेनिस रिची यांच्या सी भाषेने ही पद्धत घेतली.

दुसरी पद्धत स्तंभप्रधान. इथे पहिला स्तंभ पूर्ण झाल्यावर दुसरा येतो. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएममध्ये घडलेली आणि १९५७मध्ये वापरात आलेली फोर्ट्रान भाषा याच क्रमाने चालते. तिच्या पहिल्या आवृत्तीत ॲरेला जास्तीत जास्त तीन मिती असत.

तिसरी पद्धत वेगळीच आहे. प्रत्येक ओळ मेमरीत जिथे जागा मिळेल तिथे ठेवायची आणि त्या ओळींच्या पत्त्यांची एक स्वतंत्र रांग करायची. घरापर्यंत पोहोचताना गुणाकार लागत नाही. आधी पत्ता वाचायचा, मग त्या पत्त्यावर जाऊन आकडा वाचायचा. या मांडणीला जॉन इलिफ या संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने ‘इलिफ व्हेक्टर’ म्हणतात. गुणाकार महाग होता त्या काळात ही युक्ती फार मोलाची होती.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५मध्ये जाहीर केलेल्या जावाने तिसरी पद्धत निवडली. जावात प्रत्येक ॲरे हा ऑब्जेक्ट असतो. त्याला स्वतःची लांबी असते, आणि ती एकदा ठरली की बदलत नाही. ॲरेच्या घरात एक तर साधी किंमत असते, नाही तर दुसऱ्या ऑब्जेक्टचा संदर्भ. ॲरे हा स्वतःच ऑब्जेक्ट असल्यामुळे ॲरेच्या घरात ॲरेचा संदर्भ ठेवता येतो, आणि तेवढ्याने दुसरी मिती तयार होते. त्यासाठी भाषेला वेगळा नियम करावा लागला नाही.

३. एका विधानातून किती ऑब्जेक्ट?

इंट[][] पाऊस = न्यू इंट[१२][३१];

हे विधान एकच असले तरी त्यातून तेरा ऑब्जेक्ट जन्माला येतात : बारा संदर्भांचा एक बाहेरचा ॲरे आणि प्रत्येकी ३१ घरांचे बारा आतले ॲरे. तीन मिती घेतल्या तर मितींच्या क्रमावर ही संख्या किती अवलंबून असते ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांतील प्रत्येकी एका केंद्राची ५० वर्षांची रोजची नोंद घेऊ. [३६][५०][३६६] अशी मांडणी केली तर १ + ३६ + १,८०० म्हणजे १,८३७ ऑब्जेक्ट होतात. तीच नोंद [३६६][५०][३६] अशी मांडली की १ + ३६६ + १८,३००, म्हणजे १८,६६७. दोन्हींत आकडे ६,५८,८०० इतकेच आहेत, पण ऑब्जेक्टची संख्या दहापट झाली. यावरून पहिला नियम मिळतो : सर्वांत लांब मिती शक्यतो सर्वांत आत ठेवावी.

अँडर्स हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या, २००२मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या सी-शार्पने मात्र दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. तिथे स्वल्पविरामाने लिहिलेला [,] हा खरा आयताकृती ॲरे असतो. तो कितीही मितींचा असला तरी एकच ऑब्जेक्ट असतो, आणि प्रत्येक मितीची लांबी त्याला विचारता येते. जावासारखा ॲरेंचा ॲरे हवा असेल तर [][] असे लिहायचे. म्हणजे जावात जी एकमेव वाट आहे, ती सी-शार्पमध्ये दोहोंपैकी एक आहे.

४. रचनेतून निघणारे परिणाम

४.१ असमान ओळी. आतला प्रत्येक ॲरे स्वतंत्र ऑब्जेक्ट असल्याने सर्वांची लांबी सारखी असण्याचे बंधन नाही. महिन्यांचे दिवस २८ ते ३१ असतात. म्हणून वर्षाची नोंद अशी बांधता येते :

इंट[][] पाऊस = न्यू इंट[१२][];
फॉर (इंट म = ०; म < १२; म++)
    पाऊस[म] = न्यू इंट[दिवससंख्या[म]];

या मांडणीत ३१ एप्रिल हे घरच अस्तित्वात नसते. तिथे कोणी लिहू गेले तर प्रोग्रॅम ॲरे-इंडेक्स-आउट-ऑफ-बाउंड्स-एक्सेप्शन देऊन जागीच थांबतो. चुकीची तारीख साठवली जाणे हे रचनेनेच अशक्य केले आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्राच्या परंपरेतला मेरुप्रस्तार हे असमान ओळींचे असेच स्वाभाविक उदाहरण आहे. पहिल्या ओळीत एक घर, दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत तीन. चौकोनी तक्त्यात बसवला तर त्याची जवळपास निम्मी जागा वाया जाते.

४.२ रिकाम्या ओळी. वरच्या कोडची पहिली ओळ संपते तेव्हा बाराही संदर्भ नल असतात. लूप चालण्यापूर्वी पाऊस[०][०] वाचले तर नल-पॉइंटर-एक्सेप्शन येते. इंडेक्स मर्यादेबाहेर गेला ही चूक वेगळी आणि ओळच निर्माण झालेली नाही ही चूक वेगळी. संदेश वाचताना हा फरक ध्यानात ठेवला की दोष शोधायला वेळ लागत नाही.

४.३ सामाईक ओळी. एकच ओळ अनेक संदर्भांनी धरलेली असू शकते. सर्व ओळी एका फटक्यात तयार करण्यासाठी पुष्कळजण असे लिहितात :

अरेज.फिल(पाऊस, न्यू इंट[३१]);

इथे न्यू एकदाच चालतो. ३१ घरांचा एकच ॲरे तयार होतो आणि बाराही संदर्भ त्याच्याकडेच बोट दाखवतात. आता ५ जूनचा पाऊस पाऊस[५][४] = ८२० असा लिहिला की पाऊस[०][४] वाचल्यावरही ८२० मिळते, म्हणजे ५ जानेवारीलाही ८२ मिमी पाऊस पडतो. कंपायलरच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही, त्यामुळे कोणतीही सूचना येत नाही. पायथनमध्ये यादीतल्या यादीला गुणून तक्ता करणाऱ्यांना हाच अनुभव येतो आणि त्याचे कारणही हेच आहे.

४.४ उथळ नक्कल. क्लोन ही पद्धत बाहेरच्या ॲरेची नवी प्रत काढते. बाहेरच्या ॲरेत असतात संदर्भ, म्हणून नक्कल होते ती संदर्भांची. आतल्या ओळी मूळ आणि प्रत या दोघांच्या सामाईक राहतात. पूर्ण नक्कल हवी असेल तर प्रत्येक ओळीची वेगळी प्रत काढावी लागते :

इंट[][] प्रत = न्यू इंट[पाऊस.लेंग्थ][];
फॉर (इंट म = ०; म < पाऊस.लेंग्थ; म++)
    प्रत[म] = पाऊस[म].क्लोन();

तीन मिती असतील तर आणखी एक पायरी खाली उतरावे लागते. फायनल या शब्दाचेही तसेच आहे. तो बाहेरचा संदर्भ पक्का करतो. आतली घरे बदलायला कोणालाही मोकळीक असते.

४.५ तुलना आणि छपाई. अरेज.इक्वल्स द्विमितीय ॲरेला दिले तर ते ओळींची तुलना करते, आणि दोन ॲरे ऑब्जेक्ट ‘समान’ ठरतात ते दोन्ही एकच ऑब्जेक्ट असतील तरच. म्हणून आकडे तेच असूनही उत्तर नकारार्थी येते. यासाठी डीप-इक्वल्स वापरावे. छापण्यासाठी डीप-टू-स्ट्रिंग वापरावे, नाही तर आकड्यांऐवजी प्रत्येक ओळीचा अंतर्गत शिक्काच कागदावर उतरतो. या दोन्ही सोयी २००४च्या जावा ५पासून आहेत.

४.६ प्रकारांची ढिलाई. आतला इंट[] हा ऑब्जेक्ट असल्याने इंट[][] हा ऑब्जेक्टच्या ॲरेच्या चलात ठेवता येतो. त्या चलातून एखाद्या घरात डबलचा ॲरे ठेवू पाहिले तर कंपायलर अडवत नाही. प्रोग्रॅम चालू असताना ॲरे-स्टोअर-एक्सेप्शन येते. तेव्हा बहुमितीय ॲरे अशा सर्वसाधारण चलातून फिरवू नयेत, हेच बरे.

५. मेमरी आणि वेग

प्रत्येक ऑब्जेक्टबरोबर थोडी व्यवस्थापकीय माहिती येते. जावाच्या ६४-बिट हॉटस्पॉट आभासी यंत्राच्या नेहमीच्या मांडणीत ॲरेचा मथळा १६ बाइटचा आणि संदर्भ ४ बाइटचा असतो. मोठ्या ओळींत हा खर्च जाणवत नाही. लहान ओळी असंख्य असल्या की तो मूळ माहितीलाही मागे टाकतो. दहा लाख ठिकाणांचे अक्षांश-रेखांश डबल[१००००००][२] असे ठेवले तर प्रत्येक ठिकाणाला १६ बाइट मथळा, १६ बाइट माहिती आणि ४ बाइट संदर्भ मिळून ३६ बाइट लागतात. एकूण सुमारे ३६ एमबी. तेच डबल[२][१००००००] असे उलटे ठेवले तर ॲरे तीनच होतात आणि सुमारे १६ एमबीत काम भागते.

वेगाचे कारण प्रोसेसरच्या कॅशमध्ये आहे. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही. बहुतेक संगणकांवर तो ६४ बाइटचा सलग तुकडा, म्हणजे १६ इंट, एकदम आणतो. ४,००० × ४,०००चा तक्ता ओळीने वाचला की आणलेल्या तुकड्यातले सोळाही आकडे लगेच कामी येतात. स्तंभाने वाचला तर प्रत्येक आकड्यासाठी वेगळ्या ओळीतला वेगळा तुकडा लागतो. एक स्तंभ संपेपर्यंत ४,००० तुकडे, म्हणजे २५६ केबी माहिती आणावी लागते. सर्वांत जवळची कॅश सहसा ३२ ते ४८ केबीची असते. त्यामुळे पुढच्या स्तंभासाठी पहिल्या ओळीकडे परतावे तोवर तिचा तुकडा तिथून हुसकला गेलेला असतो. शिवाय जावात प्रत्येक पावलावर आधी ओळीचा संदर्भ वाचावा लागतो, तो वेगळाच. म्हणून बाहेरच्या लूपमध्ये ओळ आणि आतल्या लूपमध्ये स्तंभ ठेवावा. ओळ एकदा स्थानिक चलात घेतली की कोडही स्वच्छ दिसते :

फॉर (इंट[] ओळ : पाऊस)
    फॉर (इंट थेंब : ओळ)
        बेरीज += थेंब;

६. मिती की गुणधर्म?

वर अक्षांश-रेखांशाच्या उदाहरणात मेमरीचा हिशेब केला, पण त्याआधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे : ती दुसरी मिती खरोखर मिती आहे का? खऱ्या मितीच्या सर्व इंडेक्सना एकच अर्थ असतो. तिसऱ्या दिवसाकडून चौथ्या दिवसाकडे जाता येते, सर्व दिवसांची बेरीज करता येते. अक्षांश आणि रेखांश यांची बेरीज मात्र निरर्थक असते. [०] म्हणजे अक्षांश आणि [१] म्हणजे रेखांश हा संकेत लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतो, प्रोग्रॅममध्ये कुठेच नसतो. हे एका वस्तूचे दोन गुणधर्म आहेत, आणि त्यांची जागा क्लासमध्ये आहे. दोन डबल गुणधर्मांचा ‘ठिकाण’ हा ऑब्जेक्ट त्याच आभासी यंत्रावर ३२ बाइट घेतो, दोन घरांच्या डबल ॲरेइतकेच. म्हणजे नावे दिल्याने मेमरीचा तोटा शून्य आणि स्पष्टतेचा लाभ मोठा.

ही कसोटी फार उपयोगी आहे. इंडेक्सवर लूप चालवण्यात अर्थ असेल तर ती मिती. इंडेक्सला स्थिरांकाचे नाव द्यावेसे वाटू लागले तर तो गुणधर्म.

७. क्लासचे आवरण

आता मूळ शिस्तीकडे येऊ. २७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर ९४४.२ मिमी पाऊस नोंदला गेला. लोकांच्या तोंडी तो ‘२६ जुलैचा पाऊस’ आहे. भारतीय हवामान विभागाच्या प्रथेप्रमाणे मात्र रोजची नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती मोजणीच्या तारखेवर पडते. मग ९४४२ हा आकडा कुठे लिहायचा, पाऊस[६][२५]मध्ये की पाऊस[६][२६]मध्ये? उघडा ॲरे सगळ्या प्रोग्रॅमभर फिरत असेल तर हा निर्णय प्रत्येक लिहिणारा आपल्या समजुतीने घेईल, आणि दोन जणांची समजूत वेगळी निघाली की नोंदी एका दिवसाने सरकतील. तारखेवरून घर शोधण्याचे काम एकाच जागी असले पाहिजे, आणि ती जागा म्हणजे क्लास.

फायनल क्लास पर्जन्यनोंद {
    प्रायव्हेट फायनल इंट केंद्रे, वर्षे;
    प्रायव्हेट फायनल इंट[] साठा;

    प्रायव्हेट इंट स्थान(इंट क, इंट व, इंट द) {
        ऑब्जेक्ट्स.चेकइंडेक्स(क, केंद्रे);
        ऑब्जेक्ट्स.चेकइंडेक्स(व, वर्षे);
        ऑब्जेक्ट्स.चेकइंडेक्स(द, ३६६);
        रिटर्न (क * वर्षे + व) * ३६६ + द;
    }
}

साठा इथे एकमितीय आहे. १,८३७ ऑब्जेक्टऐवजी एकच ॲरे, सलग मेमरी, आणि क्लोन केले की खरीखुरी नक्कल. ४.२ ते ४.४मधले तिन्ही धोके मुळातूनच गेले. मात्र सपाट साठ्याचे स्वतःचे धोके असतात, त्यांचा बंदोबस्त वरच्या पद्धतीत कसा होतो ते पाहू.

पहिला धोका मर्यादेचा. (०, ०, ३६६) असे घर मागितले तर सूत्र ३६६ हे उत्तर देते आणि ते घर साठ्यात आहे. ते म्हणजे (०, १, ०), पुढच्या वर्षाचा १ जानेवारी. जावाची स्वतःची तपासणी एकूण लांबीपुरती असल्याने ही चूक तिच्या हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक मिती स्वतंत्रपणे तपासली आहे. चेकइंडेक्स ही सोय जावा ९पासून मिळते.

दुसरा धोका गुणाकाराचा. ॲरेचा इंडेक्स इंट असतो, त्यामुळे लांबी २,१४,७४,८३,६४७च्या वर जाऊ शकत नाही. इंटचा गुणाकार या मर्यादेबाहेर गेला तर जावा गप्प राहते. ६५,५३६ × ६५,५३६ याचे इंटमध्ये उत्तर शून्य येते आणि शून्य लांबीचा ॲरे बिनतक्रार तयार होतो. कन्स्ट्रक्टरमध्ये लांबी काढताना मॅथ.मल्टिप्लाय-एक्झॅक्ट वापरावे, म्हणजे मर्यादा ओलांडताच एक्सेप्शन येते.

तिसरी बाब अर्थाची. इंटच्या नव्या ॲरेत सर्वत्र शून्य असते. पण पावसाच्या नोंदीत शून्य म्हणजे ‘पाऊस पडला नाही’. ‘मोजणी झाली नाही’ ही अवस्था त्याहून निराळी आहे. क्लासने सुरुवातीलाच सर्व घरांत -१ भरावे आणि सरासरी काढताना ती घरे वगळावीत. २९ फेब्रुवारीची जागा दरवर्षी राखून ठेवण्याचा निर्णयही इथलाच. त्यामुळे कोणत्याही वर्षाचा २७ जुलै ‘द’च्या त्याच किमतीवर सापडतो, आणि साध्या वर्षात ते एक घर नोंदीविना राहते.

क्लासच्या बाहेरच्या पद्धती अर्थाच्या भाषेत असाव्यात : ‘नोंदव(केंद्र, तारीख, मिमी)’, ‘महिन्याची बेरीज’, ‘पावसाळी दिवस’. हवामान विभाग २.५ मिमी किंवा त्याहून अधिक पावसाचा दिवस पावसाळी धरतो. ही मर्यादा एकाच पद्धतीत राहील. साठा मात्र कधीही जसाच्या तसा बाहेर देऊ नये. एखाद्या पद्धतीने आतला ॲरे परत केला की प्रायव्हेट हा शब्द नावापुरता उरतो. द्यायचाच असेल तर प्रत द्यावी.

सपाट साठ्याचा आणखी एक गुण सांगितलाच पाहिजे. स्थानाच्या सूत्रातले गुणक, म्हणजे प्रत्येक मितीत एक पाऊल टाकले की साठ्यात किती घरे सरकायचे ते अंतर, वेगळ्या चलांत ठेवले तर तक्ता उलटवण्यासाठी एकही आकडा हलवावा लागत नाही. दोन गुणकांची अदलाबदल केली की ओळींचे स्तंभ होतात. पायथनमधील नमपाय हे ग्रंथालय याच तत्त्वावर उभे आहे. तिथे उलटवलेला ॲरे किंवा कापून घेतलेला तुकडा सहसा त्याच साठ्याकडे पाहण्याचा नवा दृष्टिकोन असतो.

८. कोणती मांडणी कुठे?

ओळी मुळात असमान असतील तर जावाचा ॲरेंचा ॲरे उत्तम. लहान, ठरावीक आकाराचा तक्ता, उदाहरणार्थ बुद्धिबळाचा ८ × ८चा पट, यासाठीही तो पुरेसा आहे. मोठा, आयताकृती आणि आकडेमोडीचा साठा असेल तर सपाट ॲरे घ्यावा. मितींची लांबी चालता चालता वाढणार असेल तर याद्यांची यादी बरी. बहुतेक घरे रिकामीच राहणार असतील तर स्थानावरून किंमत शोधणारा मॅप घ्यावा. चारही मांडण्यांत आवरणाचा क्लास तोच राहू शकतो. आज असमान ओळींनी केलेली पर्जन्यनोंद उद्या सपाट केली तरी ‘पावसाळी दिवस’ विचारणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

९. निष्कर्ष

जावातील बहुमितीय ॲरे ही संदर्भांनी जोडलेली ऑब्जेक्ट्सची रचना आहे. असमान ओळी, नल, सामाईक ओळी, उथळ नक्कल, तुलनेचे आश्चर्य, मेमरीचा जादा खर्च आणि लूपच्या क्रमाची किंमत ही सर्व या एकाच विधानाची फलिते आहेत. म्हणून शिकवताना चौकोनाच्या शेजारी दुसरे चित्र काढलेच पाहिजे : उभी रांग बाणांची आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला आपापल्या लांबीची एक ओळ. ज्या विद्यार्थ्याने ते चित्र स्वतःच्या हाताने काढले आहे, त्याला क्लोनने काय होईल हे कोणी सांगावे लागत नाही. आणि ज्याला ते कळले, त्याला मांडणी क्लासच्या आत ठेवण्याचे कारणही पटते, कारण त्या बाणांची काळजी प्रोग्रॅममधल्या प्रत्येकाने वाहण्यापेक्षा एकाच क्लासने नीट वाहिलेली बरी.